‘ब्रावो’ : माजलेला बैल, भाडोत्री गुंड की गुणी बाळ?

रेवा_म

मराठीत ‘ब्राव्हो’ आला तो टाळ्यांबरोबर. ‘शाबास’च्या जागी वापरायचा, जरा साहेबी थाटाचा उद्गार, एवढीच त्याची आपल्याकडे ओळख. इटालियनमध्ये मात्र ते रोजच्या वापरातलं विशेषण आहे, आणि विशेषण म्हटलं की लिंग-वचन आलंच. मुलगा ब्रावो, मुलगी ब्रावा, मुलगे ब्रावी, मुली ब्रावे. गायिकेसाठी ‘ब्रावो’ ओरडणं म्हणजे तिला ‘काय छान गायलास रे’ म्हणणं. इटलीतल्या ऑपेराच्या थिएटरांत लोक हे कटाक्षाने पाळतात. बाहेरचे पाहुणे सरसकट ‘ब्रावो’ ठोकून देतात.

आजचा अर्थ दोन दिशांना जातो. एक, कामात तरबेज: ‘ब्रावो इन मातेमातिका’ म्हणजे गणितात हुशार, ‘ब्रावा आ कुचिनारे’ म्हणजे स्वयंपाकात हात असलेली. दोन, स्वभावाने भला. विशेषण नामाच्या आधी आलं की नंतर, यावरून बऱ्याचदा अर्थ ठरतो. ‘उन ब्रावुओमो’ म्हणजे सज्जन, पापभीरू माणूस. ‘उन उओमो ब्रावो’ म्हणजे आपल्या कामात वाकबगार माणूस, मग घरी तो कसाही असो. मस्ती करणाऱ्या पोराला आई ‘फाइ इल ब्रावो’ म्हणते, म्हणजे ‘शहाण्यासारखा वाग बघू’.

आता गंमत बघा. आलेस्सांद्रो मान्झोनीची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी इटलीत शाळेत वाचावीच लागते. पहिली आवृत्ती १८२७ची, भाषेवर पुन्हा हात फिरवून काढलेली आवृत्ती १८४० ते ४२ची. कथानक सतराव्या शतकातलं, मिलान स्पॅनिश अंमलाखाली होतं तेव्हाचं. ७ नोव्हेंबर १६२८च्या संध्याकाळी दोन अब्बोंदिओ नावाचा भित्रा पाद्री (‘दोन’ ही पदवी, आकडा नव्हे!) कोमो सरोवराजवळच्या वाटेने घरी चाललाय आणि पुढे वाटेत दोघं जण त्याची वाट बघत थांबलेत. डोक्यावर हिरवी जाळी, तिला डाव्या खांद्यावर लोंबणारा गोंडा, जाळीतून कपाळावर आलेली केसांची भलीमोठी झुलपी, पिळदार मिशा, पट्ट्यात दोन पिस्तुलं, छातीवर हारासारखं लटकणारं दारूचं शिंग. उद्याचं एक लग्न लावायचं नाही, असा दम त्यांना पाद्र्याला भरायचाय. हे दोघे कोण? ‘ब्रावी’! इथे शब्द नाम म्हणून वापरलाय आणि अर्थ आहे सरदारांनी पदरी ठेवलेले गुंड.

म्हणजे एकाच शब्दात ‘गुणी बाळ’ आणि ‘सुपारी घेणारा’. हे कसं झालं? व्युत्पत्तीबद्दल दोन नावं सतत समोर येतात, लॅटिन ‘बार्बारुस’ (रानटी) आणि लॅटिन ‘प्रावुस’ (वाकडा, दुष्ट). भाषाशास्त्रवाले, इटलीत राहणारे, आणि शेजारच्या भाषा येणारे, सगळ्यांनी भर घाला.

---

खवचट_काका

एवढं लांब कशाला जायचं? आपल्या घरातला दादा म्हणजे थोरला भाऊ, आणि गल्लीतला दादा म्हणजे हप्ते घेणारा. ‘भाई’चंही तेच. आमच्या चाळीत एकाच माणसाला दोन्ही अर्थांनी दादा म्हणायचे. कुठला अर्थ घ्यायचा ते तो किती प्यायलाय त्यावर ठरायचं.

---

रेवा_म

काका, मुद्दा बरोबर, पण दादाचा प्रवास उलटा आहे. घरातून रस्त्यावर गेला. ब्रावो रस्त्यावरून घरात आलाय, थेट बाळाच्या पाळण्यापर्यंत.

---

नवीग्लीकाठचा

मिलानमध्ये राहतो, म्हणून बोलण्यातले काही वापर.

१. टोमणा. कोणी कॉफी सांडली की ‘ब्रावो!’, सूर लांबवून. मराठीतल्या ‘वा, छान!’ इतकाच विखारी.

२. ‘सकाळी उठून तो आपली ब्रावा कॉफी पितो.’ ‘ला सुआ ब्रावा तात्सीना दि काफ्फे’. इथे ब्रावा म्हणजे ना हुशार ना सज्जन. नेमाची, ठरलेली, हक्काची. आपण ‘आपला चहा घेतला आपण आणि निघालो’ म्हणतो, त्यातला ‘आपला’ जे काम करतो ते. शब्दकोशात हा अर्थ शेवटी कुठेतरी कोपऱ्यात असतो, म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र भरपूर.

३. ‘नोत्ते ब्रावा’. शब्दशः लावलंत तर ‘गुणी रात्र’, आणि फसलात. अर्थ आहे दारू, दंगा आणि भलतंसलतं करत घालवलेली रात्र. जुना ‘बेलगाम’ हा अर्थ इथे शाबूत राहिलाय.

४. ‘ब्रावाच्चो’. ‘-आच्चो’ हा हिणवणारा प्रत्यय. उगाच छाती काढून फिरणारा, फुशारक्या मारणारा.

आणि मान्झोनीबद्दल एक राहिलं. ब्रावी तोंड उघडायच्या आधी तो वाचकाला चक्क सरकारी हुकूमनामे वाचायला लावतो. त्यांना ‘ग्रीदे’ म्हणत, म्हणजे दवंडी. पहिला ८ एप्रिल १५८३चा. गव्हर्नराच्या नावापुढे हातभर पदव्या, आणि खाली ‘सगळ्या ब्रावींनी सहा दिवसांत मुलूख सोडावा’. मग दहा वर्षांनी दुसऱ्या गव्हर्नराचा तसाच हुकूम, आणखी कडक भाषेत. मग तिसरा, चौथा. गोष्ट सुरू होण्याआधीचा शेवटचा ५ ऑक्टोबर १६२७चा, म्हणजे त्या वाटेवरच्या संध्याकाळच्या एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस आधी. हा हिशोब मान्झोनी स्वतः मांडतो, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. एवढ्या हुकमांनी सिद्ध काय होतं, तर ब्रावी मजेत होते. झुलपी ठेवणं हाही गुन्हा ठरवला होता, कारण तोंड झाकायला ती सोयीची पडायची.

---

पाणिनीचा_पणतू

व्युत्पत्तीचं बोलू.

‘प्रावुस’ अर्थाने सोयीचा आहे. वाकडा, म्हणून दुष्ट, म्हणून मवाली. पण ध्वनी आडवे येतात. लॅटिनमधला सुरुवातीचा ‘प्र’ इटालियनमध्ये ‘प्र’च राहतो. ‘प्रातुम’चं ‘प्रातो’ (कुरण) झालं, ‘ब्रातो’ नाही. मग एकट्या ‘प्रावुस’चंच ‘ब्रावो’ का व्हावं?

‘बार्बारुस’मध्ये ‘ब’ आहे, ‘र’ आहे, आणि स्वरांमधला ‘ब’ पुढे ‘व’ होणं हे इटालियनमध्ये पावलोपावली दिसतं. लॅटिन ‘हाबेरे’चं ‘आवेरे’ झालं तसं. अडचण अशी की एक ‘र’ जागा बदलून पुढे यायला हवा आणि दुसरा गळायला हवा. ‘बार्बार’चं ‘ब्राबार’, त्याचं ‘ब्राब’, त्याचं ‘ब्राव’. अशक्य मुळीच नाही. दोन ‘र’ जवळजवळ आले की जीभ एक खाते. पण मधल्या पायऱ्या लिहिलेल्या सापडायला हव्यात, तिथे घोडं अडतं. म्हणून बरेच कोशकार ‘बहुधा बार्बारुस, त्यावर प्रावुसची छाया’ असा मधला मार्ग काढतात. माझं मत बार्बारुसच्या बाजूने, कारण या शब्दाचे जुने अर्थ ‘दुष्ट’पेक्षा ‘रानटी, न माणसाळलेला’ याच्या जास्त जवळ आहेत, आणि जनावरांना तो सर्रास लागतो.

बार्बारुस हा मुळात ग्रीक ‘बार्बारोस’. ज्याचं बोलणं आपल्याला नुसतं ‘बर्‍बर्‍’ ऐकू येतं तो. संस्कृतात ‘बर्बर’ आहेच, अडखळत बोलणारा आणि परका असे दोन्ही अर्थ. कोणी कोणाकडून घेतला यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

मांडवीकाठी

आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, त्यामुळे घरात पोर्तुगीज कानावर पडायची. तिथे ‘ब्राव्हु’ म्हणजे शाबासकी वगैरे नंतर. आधी खवळलेला. ‘मार ब्राव्हु’ म्हणजे खवळलेला समुद्र. चावरा कुत्रा ‘कांव ब्राव्हु’. ब्राझीलमध्ये तर ‘ती माझ्यावर ब्राव्हा झाली’ म्हणजे सरळ ‘ती माझ्यावर भडकली’.

स्पॅनिशमध्येही असंच. झुंजीचा बैल ‘तोरो ब्रावो’. बार्सिलोनाच्या उत्तरेचा खडकाळ किनारा ‘कोस्ता ब्रावा’, हे नाव १९०८मध्ये फेर्रान आगुल्यो या कातालान पत्रकाराने रूढ केलं. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरची जी नदी अमेरिकन लोकांसाठी ‘रिओ ग्रांदे’, ती मेक्सिकोत ‘रिओ ब्रावो’. एकाला ती मोठी दिसली, दुसऱ्याला दांडगी.

---

जाई_जर्मनीतून

आणि आता जर्मन ऐका. इथे ‘ब्राफ’ (लिहिताना शेवटी व्ही) म्हणजे आज्ञाधारक, गरीब गाय. पोरांना आणि कुत्र्यांना सारखाच लावतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आधी त्यांच्या कुत्र्याला ‘ब्राफ!’ म्हणतात आणि मग त्याच सुरात माझ्या मुलाला. मी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले तेव्हा या शब्दाचा झुंजीच्या बैलाशी संबंध असेल असं वाटायचं काही कारणच नव्हतं.

इटालियनमधून फ्रेंचमध्ये ‘ब्राव्ह’, तिथून एकीकडे इंग्रजीत शूर या अर्थाने, दुसरीकडे जर्मनमध्ये. जर्मनमध्येही तो आधी ‘शूर, बाणेदार’ असाच होता. मग ‘सचोटीचा’, मग ‘सांगितलेलं ऐकणारा’. फ्रेंचमध्ये तुमच्या इटालियनसारखाच जागेचा खेळ आहे. ‘अँ ब्राव्ह ऑम’ म्हणजे भला माणूस, थोडा भोळसटच. ‘अँ नॉम ब्राव्ह’ म्हणजे शूर.

---

स्मृतिवाचक

दादा-भाईपेक्षा जवळचं उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते रोज पेपरात छापून येतं: साहस.

धर्मशास्त्रात ‘साहस’ हे न्यायालयात चालणाऱ्या खटल्यांच्या प्रकारांपैकी एक. बळाच्या जोरावर, उघडपणे केलेला गुन्हा: दरोडा, खून, स्त्रीवर जबरदस्ती. नारदस्मृतीत फोडच करून ठेवलीय, ‘सहस्’ म्हणजे बळ, बळाच्या मस्तीत केलेलं ते साहस. चोरी वेगळी, कारण ती लपूनछपून होते. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव: मनुस्मृतीत (८.१३८) प्रथम साहस २५० ‘पण’ (जुनं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. म्हणजे ‘उत्तम साहस’ ही शिक्षा होती. आज मुलांच्या शिबिराच्या पाटीवर ‘साहस’ लिहितात आणि पालक पैसे भरून पाठवतात.

त्याच मुळातला ‘सहसा’ संस्कृतात ‘एकाएकी, बळाने’ आणि मराठीत ‘बहुतेक वेळा’. तो कसा वळला हे शोधायला बसलो तर आज जेवण नाही मिळायचं.

---

रेवा_म

स्मृतिवाचक, हे भारी! ब्रावो आणि साहस शेजारी ठेवले की वाट स्पष्ट दिसते. न आवरणारं बळ, मग ते बळ दाखवणारा माणूस, मग त्याच्या धाडसाचं कौतुक. इटालियन पुढे आणखी काही पायऱ्या चढली: धाडसी, मग कर्तबगार, मग कामात निपुण, मग चांगला, मग गुणी बाळ. ‘ब्रावूरा’ हे भाववाचक नाम तर संगीतात गेलं. गळ्याची कसरत दाखवणाऱ्या, ताना-पलट्यांनी भरलेल्या गाण्याला ‘ब्रावूरा’ची आरिया म्हणतात. तिथे शौर्य नाही, तयारी दाखवायची असते. आणि अठराव्या शतकात इटालियन गवई युरोपभर दरबारांतून गायला लागले तशी ही दाद त्यांच्याबरोबर फिरली.

---

उलटतपासणी

जरा थांबा. ही शिडी फार सुबक आहे, म्हणूनच मला खटकते. ‘आधी रानटी, मग गुंड, मग शूर, मग हुशार, मग बाळ’ असे अर्थ रांगेत उभे राहून एकेक पुढे सरकत नाहीत. मान्झोनीचे ब्रावी ज्या काळात झुलप्या वाढवून फिरत होते, त्या काळातही ‘शूर’ आणि ‘कसबी’ हे अर्थ चालूच होते. सरदार आपल्या पदरच्या माणसाला ब्रावो म्हणायचा ते कौतुकाने, आणि ज्याच्या दारात तो माणूस उभा राही त्याच्या तोंडी तोच शब्द शिवी. शब्द एक, बोलणाऱ्याच्या जागा दोन. गुंडगिरीचा अर्थ मागे पडला त्याचं कारण भाषेत नाही. सरदारांच्या खासगी फौजा गेल्या, म्हणून त्यांचं नाव इतिहासाच्या पुस्तकात गेलं. उरलेले अर्थ होते तिथेच राहिले.

आणि स्पेन-पोर्तुगालचा ‘खवळलेला’ हा जुना आणि इटालियनचा ‘चांगला’ हा नवा, असंही सरळ समजू नका. इटालियनमधून बाहेर गेलेला शब्द फ्रान्सने शूर म्हणून उचलला, याचा अर्थ त्यांनी उचलला तेव्हा तो अर्थ इटलीत जिवंत होता.

---

पाणिनीचा_पणतू

उलटतपासणी, +१. फक्त ‘रानटी, बेलगाम’ आधीचा, हे मी सोडणार नाही. त्यासाठी स्पॅनिश आणि पोर्तुगीज साक्षीला आहेत, आणि इटालियनमधली ती ‘नोत्ते ब्रावा’सुद्धा.

---

माणगावकर

मग शूर माणसाला इटालियनमध्ये आज काय म्हणायचं? विचारायचं कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ला इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा एकटे मशीनगनवर धावून गेले. ती बंद पाडली आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिथल्या मोंतोने गावात २०२३मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. तिथल्या एका बाईंना ईमेल लिहायचाय, इटालियनमध्ये चार ओळी तरी. ‘सोल्दातो ब्रावो’ चालेल का?

---

नवीग्लीकाठचा

नको. वाचणारा ‘आपलं काम नीट येणारा शिपाई’ असं वाचेल, आणि ‘ब्रावो सोल्दातो’ लिहिलंत तर ‘गुणी शिपाई’. ‘व्हालोरोझो’ लिहा. लष्करी पदकांवरही ‘व्हालोर मिलितारे’ हेच शब्द असतात. बोलीत ‘कोराज्जोझो’ चालतं, पण अशा ठिकाणी व्हालोरोझोच शोभतो. ईमेल लिहून झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नजर टाकतो.

आणि सैनिकांचा विषय निघालाच आहे तर ‘इतालियानी, ब्रावा जेंते’ हे वाक्यही सांगायला हवं. ‘इटालियन माणूस भला’. म्हणजे आमचे शिपाई काही इतरांसारखे क्रूर नव्हते, युद्धातही माणुसकीने वागले, असा इथला आवडता समज. पण इथिओपियात १९३५-३६मध्ये इटालियन फौजांनी विषारी वायू वापरला. फेब्रुवारी १९३७मध्ये इटलीचा तिथला व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर हल्ला झाल्यावर आदिस अबाबात दिसेल त्याला मारलं. वायूची गोष्ट इटलीच्या संरक्षण खात्याने अधिकृतपणे कबूल केली ती १९९६मध्ये. इथले इतिहासाचे लोक आता हे वाक्य अवतरणचिन्हांतच लिहितात. माझ्या ऑफिसात मात्र जेवणाच्या टेबलावर ते अजून विनाअवतरण ऐकू येतं.

---

माणगावकर

धन्यवाद. व्हालोरोझो टाकतो. व्यनि करतोच.

---

चंद्रकोर

अवांतर, पण विषयाला धरून. ब्रावो खालून वर गेला, तर वरून खाली आलेलं इटालियन विशेषण म्हणजे ‘कात्तीवो’. आज त्याचा अर्थ वाईट, खोडकर, नासका. हवा कात्तीवो, वास कात्तीवो, पोरगं कात्तीवो. मूळ लॅटिन ‘काप्तीवुस’, म्हणजे बंदिवान, धरून आणलेला. ख्रिस्ती लेखकांनी ‘सैतानाच्या कैदेतला’ असा प्रयोग केला, त्यातला सैतान पुढे गळाला आणि कैदी तेवढा वाईट ठरला. कवी दान्तेच्या ‘इन्फेर्नो’ या काव्याच्या तिसाव्या सर्गात ट्रॉयच्या हेकुबा राणीला ‘दुःखी, दीन आणि कात्तीवा’ म्हटलंय. आजच्या अर्थाने वाचलं तर बिचारी खलनायिका होते. तिथे ती ग्रीकांची बंदिवान आहे. फ्रेंचमध्ये याच शब्दाचं ‘शेतीफ’ झालं, म्हणजे अशक्त, मरतुकडा. प्राणिसंग्रहालयातल्या पाटीवर इटालियनमध्ये आजही ‘कात्तिविता’त जन्मलेला वाघ असतो. तो दुष्टपणात जन्मलेला नसतो!

सर्वांत वेधक वापर सिसिलीत. पालेर्मोच्या समुद्रकिनाऱ्यालगत जुन्या तटावर एक उंच फिरायची वाट आहे, ‘पासेज्जाता देल्ले कात्तीवे’. पर्यटकांना वाटतं वाईट चालीच्या बायकांची वाट. सिसिलियन बोलीत ‘कात्तीवा’ म्हणजे विधवा, शोकाची बंदिवान. खालच्या रस्त्यावर गावचे हौशी लोक गाड्या-घोड्यांतून मिरवायचे. त्या गर्दीत काळ्या कपड्यांतल्या बायकांनी दिसणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी वरून चालायचं. समुद्र दिसायचा, लोक दिसायचे, आणि त्या कोणाच्या नजरेत यायच्या नाहीत.

---

रेवा_म

चंद्रकोर, याला प्रतिसादात कोंबू नका. ‘कात्तीवो’वर वेगळा धागा काढाच. हेकुबाचा संदर्भ तर नक्की हवा.

---

खवचट_काका

सगळं वाचलं. एकच शंका. परवा नातीच्या शाळेत गॅदरिंग आहे. नाचात सात मुली आणि एक मुलगा. ओरडायचं काय?

---

नवीग्लीकाठचा

काका, ‘ब्रावी’. इटालियन व्याकरणात एक मुलगा आला की अख्खा घोळका पुल्लिंगी होतो.

---

जाई_जर्मनीतून

सात जणी नाचणार आणि एकट्याच्या नावाने ओरडायचं? काका, तुम्ही ‘वन्स मोअर’च द्या.